वर बघणारा येशू

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या चर्चमधल्या सिस्टर आमच्या अंगणात आल्या, तेव्हा गणपतीचा हंगाम उरकला होता. त्यांना येशूची मूर्ती हवी होती. मारला जाण्याच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून प्रार्थना करणारा येशू. आधी मातीत नमुना, तो पसंत पडला की सिमेंटमध्ये. मी लगेच हो म्हणाले. घरात डोकं फिरवून घेण्यापेक्षा हाताला काम बरं.

घरात नवरा आजारी होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कॅन्सर पसरलाय, यापुढच्या इंजेक्शनांनी त्रासच जास्त होईल, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. यांनी ठरवलं होतं, नको. मी ठरवलं होतं, घ्यायचीच. अंगणातल्या बाजेवर पडून हे रोज मला विनवायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी सोमवारची गाडीसुद्धा बघून ठेवली होती.

मूर्तीचं काम मला सासऱ्यांनी शिकवलं. डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, आणि असे की समोर उभ्या माणसाला वाटावं, देव माझ्याकडेच बघतोय. एकदा डोळे उघडले की मूर्तीला हत्यार लावायचं नाही. येशूही मी तसाच केला. गुडघे टेकलेला, मुठी छातीशी आवळलेल्या, नजर थेट समोर.

सिस्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की हा आपल्याकडे बघत नाही, वर बघतो. इथं तो द्यायला बसलेला नाही, मागायला बसलाय. पुढचं दुःख टळू दे म्हणून त्यानं आभाळातल्या बापाला, देवाला विनवलं, आणि शेवटी सगळं बापाच्या मर्जीवर सोडलं.

टळलं का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. माझ्या नाकावर राग कायमचाच.

"मागून मिळालंच न्हाई, तर मागायचं कशाला मग?"

त्यांना राग आला नाही. "मागितलं, रडला आणि उठून चालायला लागला," त्या म्हणाल्या. "आम्हाला तेवढ्याचाच आधार आहे."

त्या गेल्यावर मी पुष्कळ बडबडले. उघडल्या डोळ्यांच्या देवाची मान कापायची म्हणजे काय? पण काम घेतलं होतं. मूर्तीच्या पायाला हात लावून माफी मागितली, तारेनं मान सोडवली आणि चेहरा वर करून बसवला. आता त्या मुठी विचित्र दिसायला लागल्या. प्रार्थना कसली, आभाळाशी भांडण काढल्यासारखा दिसत होता. भांडखोर माणूस मला लगेच ओळखू येतो, मी त्यातलीच.

माती अर्धी वाळली होती. ओलं फडकं लावत एकेक बोट सोडवलं. करंगळीला तडा गेला, तो लिंपला. दोन्ही तळवे उघडे झाले तेव्हा तो फक्त दमलेला दिसला. सगळं सांगून झालेल्या माणसासारखा. मला रडू फुटलं.

हे बाजेवरून बघत होते.

"सोमवारी न्हाई जायचं आपल्याला," मी म्हणाले.

"रागानं म्हणायलीस का?"

"न्हाई."

इतक्या महिन्यांत मी यांना जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारत आले होते. मी जवळ गेले.

"भेव वाटायलंय का तुमाला?"

"लय," हे म्हणाले, आणि बाजेवर मला बसायला जागा करून दिली.