फ्रीजची खांदशेकणी

सारं जग फ्रीजकडे पुढून बघतं. नागपूरच्या प्रताप नगरातले आमचे घरमालक काका हे मला आयुष्यात भेटलेले एकमेव गृहस्थ, ज्यांची फ्रीजशी ओळख पाठीकडून होती. दार उघडून आत काय आहे हे बघण्यात काकांना काडीचाही रस नव्हता. मागची ती काळी जाळी, जिच्यावाटे फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, ती साफ आहे ना, एवढ्यावर त्यांची झोप अवलंबून असे. दर रविवारी सकाळी ते बटण बंद करत, फ्रीजच्या पायांखाली गोणपाट सरकवून त्याला भिंतीपासून पुढे ओढत आणि नारळाच्या काथ्याच्या ब्रशने वरून खाली, वरून खाली, जाळी झाडत बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं चालत नसे. बोललंच, तर उत्तर ब्रशच्या खसखशीत मिळे.

आम्ही नवराबायको वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्या काळी गल्लीत फ्रीज तो एकच, आणि तोही बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा. पण त्यातल्या पाण्याचा घोट कुणाच्या नशिबी नव्हता. मे महिन्यात घामाने निथळत एखाद्याने गार पाणी मागितलंच, तर काका माठाकडे बोट दाखवत. "ते पी ना गा. त्याले काहून उठवतं?" फ्रीजची घरघर चालू असली की "रवंथ करून राहिला" आणि थांबली की "झोपला", असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत. माझ्या बायकोने एकदा अंगणात गादी झटकली, तर काका बनियनवरच धावत बाहेर आले. "अवं पोरी, धूळ त्याच्या पाठीत जाते ना!" तेव्हापासून आम्ही दोघं गादी उचलून गल्लीच्या टोकापर्यंत नेत असू. बघणाऱ्याला वाटे, बिऱ्हाड हललं.

गल्ली हसायची, आम्हीही हसायचो. मग एका दुपारी काका नोकरीवर गेलेले असताना काकूंनीच सगळं सांगितलं, आणि निदान माझं हसू तरी आटलं. काकूंना रोज इन्सुलिन लागे. ती बाटली गार राहायला हवी, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलेली बाटली गार राहून राहून किती राहणार? उमरेडकडच्या गावी काकांची थोडी शेती होती आणि एक बैलजोडी. नोकरी नागपुरात, जीव गोठ्यात, असा प्रकार. डॉक्टरांनी फ्रीज घ्यायला सांगितल्यावर काकांनी शेत बटईने, निम्म्या वाट्यावर कसायला दिलं, जोडी विकली आणि फ्रीज आणला. बैलांना घासायचा काथ्याचा ब्रश तेवढा गोठ्यातून घरी आला. बैल नेले त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. फ्रीज आला त्या वर्षी, त्या संध्याकाळी, काकांनी वाटीत तूप कोमट केलं, हळद कालवली आणि सगळ्या जाळीला मायेने चोळली.

"आवो, लोखंड हाय ते!" काकू ओरडल्या.

"जू तं त्याच्याच खांद्यावर हाय ना वं," काका म्हणाले.

तुपाने मग आपलं काम केलं. महिनोन्‌महिने धूळ चिकटत गेली आणि ऐन मे महिन्यात जाळीवर घोंगडीएवढा जाड थर झाला. घरघर थांबेना, आत मात्र सगळं कोमट. औषध बिघडलं, आणि ते कुणाच्या लक्षात येण्याआधीच काकूंची साखर इतकी चढली की त्यांना बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. दुरुस्तीवाल्याने जाळीला बोट लावून हुंगलं. "काका, इसको घी किसने खिलाया?" असं विचारून तो पोट धरून हसला. काकू वाचल्या, घरी आल्या, आणि त्या आठवड्यापासून कोरड्या ब्रशचा तो नेम सुरू झाला. "यायनं सोताले माफच नाही केलं भाऊ अजून," काकू मला म्हणाल्या.

पुढे एका हिवाळ्यात काकू गेल्या. फ्रीज धडधाकट होता, औषधही गार होतं. शरीरच थकलं होतं. त्यानंतरच्या रविवारी खालून ब्रशची खसखस ऐकू आली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. खाली जावं की न जावं, हे ठरवेपर्यंत ती थांबलीसुद्धा.

त्यानंतरच्या पोळ्याला, खांदशेकणीच्या संध्याकाळी मी खाली गेलो. फ्रीज पुढे ओढलेला होता आणि काका त्याच्या पाठीशी ब्रश फिरवत बसले होते. दार पुसण्यासाठी उघडं होतं. आत औषधाची अर्धी बाटली, बाकी काही नाही. न राहवून मी म्हणालो, "काका, आता याचं काय काम? विकून टाका."

ब्रश थांबला.

"एकडाव इकले ना गा," ते म्हणाले. "आता नाही होत माह्याच्यानं."

मग जाळीवरून नुसता हात फिरवत, तिच्याजवळ तोंड नेऊन ते हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या दिवशी माझ्या बायकोने त्यांच्यासाठी पुरणपोळीचं ताट खाली पाठवलं. संध्याकाळी मी रिकामं ताट आणायला गेलो. काका दिवा न लावता बैठकीत बसले होते. ताटाचं विचारलं, तर त्यांनी उठून फ्रीजचं दार उघडलं. ताट आत होतं, जसं पाठवलं तसंच, त्या अर्ध्या बाटलीशेजारी. मी हात पुढे केला, तसं त्यांनी दार अलगद लावलं. घरघर सुरू झाली.

"रवंथ करून राहिला," काका ओठांवर बोट ठेवून म्हणाले. "ताट उद्या ने गा."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना चढलो.