लिंबाखालचा न्हावी

लॉकडाऊन ढिला झाला, पण काय चालू अन् काय बंद, ते वाटूरात कोणालाच कळेना. सकाळी मोबाईलवर एक यायचं, दुपारी दुसरंच. असं काही अडलं की गाव पारावर येऊन मला विचारायचं.

या खेपेला मात्र लोक फाट्यावर गेले. तिथं लिंबाखाली पोतं टाकून एक परका न्हावी बसायचा. "दुकानं बंद म्हणलेत, लिंब थोडाच बंद म्हणलाय?" असं म्हणून हसवायचा. तळहातावर वस्तरा घासत एकाला सांगायचा, "जा बाजारला." दुसऱ्याला, "नका जाऊ, दादा." दोघंबी खूश होऊन उठायचे. मी लांबून पाहून जळायचो. हट्टानं दाढी वाढवली.

मंग धावड्याला दिलेल्या माझ्या लेकीला पोरगा झाला. जिल्ह्यात फिरा म्हणत होते, अन् म्हाताऱ्यांनी घरी बसा असंबी. शेवटी जाऊन पोत्यावर बसलो.

"तुला हे सगळं कळतं कसं रे?"

"कळत न्हाई, बाबा. ज्याला जायचंच हाय त्याला जा म्हणतो. ज्याला भ्या वाटतं त्याला थांब म्हणतो. तुम्हाला कुठं जायचंय?"

"धावड्याला, नातू पाहायला. पण मला कोणी सांगायची गरज न्हाई."

दाढी झाल्यावर त्यानं फडकं झटकलं. "जा, बाबा. आता पोराला टोचणार न्हाई."

त्याच दिवशी गेलो.

तो न्हावी पुढं कुठं गेला, माहीत नाही. लोक पुन्हा मलाच विचारतात. मी बराबर त्या न्हाव्यासारखंच सांगतो. पण ऐकून कोणी तसं खूश होऊन उठत नाही, अन् ते मला अजून सहन होत नाही.