धुऱ्यावरची दाढ

"उपटा! आत्ताच्या आत्ता उपटा, मॅडम! चारची पुसद गाडी चुकली तं माही बायको मलेच उपटून टाकीन!"

हा आवाज माझ्या क्लिनिकमधून निघाला आणि थेट दिग्रसच्या बसस्टँडवर जाऊन आदळला. तिथली दोन कुत्री उठून उभी राहिली आणि एका कंडक्टरनं ड्रायव्हर नसतानाच घंटी मारली, असं मला नंतर कळलं. कोणाकडून कळलं ते विचारू नका. पंचवीस वर्षं दातांची डॉक्टर आहे मी, एवढी मुभा मला हवी.

ओरडणारे गृहस्थ म्हणजे गजाननभाऊ. दिग्रसजवळच्या एका गावात कापूस, सोयाबीन, तुरीचं वावर, आणि छाती अशी की माझ्या दारातून तिरकं होऊन आत यावं लागलं. खुर्चीत त्यांची मुलगी स्वरा. वय साडेसात, शाळेत दुसरी. उजवा गाल हातात धरून ती माझ्या ट्रेमधली हत्यारं मोजत होती. क्लिनिकमध्ये शांत अशी ती एकटीच.

भानगड अशी होती. स्वराची खालची उजवी दाढ आठ दिवसांपासून ठणकत होती. उद्या पुसदला तिच्या मावशीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. आई कालच पुढे गेलेली. बापाला हुकूम होता की पोरीचा दात काढून, तिला घेऊन, संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं. तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते.

मी आरसा घालून पाहिलं आणि माझाच जीव वर आला. शेवटच्या दाढेत हा एवढा खड्डा! त्यात ज्वारीचा दाणा पेरला असता तर कणीस आलं असतं. पण घाबरले मी खड्ड्याला नाही. घाबरले, कारण ही दाढ दुधाची नव्हतीच.

"गजाननभाऊ, ही काढायची नाही. पक्की आहे."

"पक्की?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नशेत आहे. "मॅडम, इचे समोरचे चार दात पडले. मागचा एकबी अजून हालला नाई. न पडता पक्का कुठून येईन? पह्यले पडते, मंग येते. हे तं आमच्या गावातले बकरेबी जाणते."

"बकऱ्यांचं मला माहीत नाही. माणसांचं सांगते."

"आवो दुधाचा हाय तो! पडणारच हाय! काहून जीव लावून राह्यल्या त्याच्यावर?"

खरं सांगते, त्यांचं लॉजिक पोलादी होतं. म्हणूनच तर मला घाम फुटला. दहातले अकरा पालक मला हेच सांगतात. आणि अशा वेळी डॉक्टर बधला नाही तर जवळच्या बाजारात चिमटा घेऊन बसलेला कोणीतरी बधतोच.

इथं थोडं थांबून तुम्हालाही समजावते. दुधाचे दात वीस. ते पडतात आणि त्यांच्या जागी पक्के येतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दाढांच्याही मागे, रिकाम्या हिरडीतून एकेक दाढ वर येते. वर दोन, खाली दोन. आम्ही तिला सहा वर्षांची दाढ म्हणतो. ती कोणाच्या जागेवर येत नाही. काही पडत नाही, रक्त नाही, उत्सव नाही. चोरासारखी येते आणि जन्मभराची असते. घरच्यांना वाटतं दुधाचीच, म्हणून ब्रश तिथपर्यंत जात नाही. मग ती किडते.

"एक फोटो काढू," मी म्हटलं. "मग तुम्हीच सांगा, काढायची की नाही."

"दहा मिनटं देतो," गजाननभाऊ म्हणाले. खिशातून फुटाणे काढले आणि समोरच्या दातांनी खारीसारखे कुरतडत बसले.

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकाच फिल्मवर येणारा एक्स-रे. मोठ्या माणसाचा ओपीजी सभ्य असतो. दातांच्या दोन रांगा, बस. पण साडेसात वर्षांच्या मुलाचा ओपीजी पहिल्यांदा पाहणारा माणूस त्या दिवशी जेवत नाही. कॉलेजात मीही जेवले नव्हते. दुधाच्या दातांखाली पक्के दात दबा धरून बसलेले असतात. दातावर दात, आडवे, तिरके, अर्धे. वरचे सुळे तर पार नाकाच्या बाजूला, डोळ्यांच्या खाली लटकलेले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

फुटाणे जमिनीवर पडले.

"बाप्पा बाप्पा बाप्पा!" गजाननभाऊ मागे सरकले, स्टूलवर बसायला गेले. स्टूल दोन फूट पलीकडे होतं. ते खालीच बसले. भिंतीवरचं माझं डिग्रीचं सर्टिफिकेट तिरकं झालं, ते आजही तिरकंच आहे.

"हे कोणाचं हाय?"

"स्वराचं."

खाली बसूनच ते बोटानं मोजायला लागले. दोनदा मोजलं. आवाज एकदम कुजबुजीवर आला. "चव्वेचाळीस! मॅडम, हे माणसाचं तोंड हाय का मगरीचं?"

"पप्पा, मी मगर?" स्वरा खुर्चीत ताठ बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा खूश दिसली म्हणे.

"मॅडम, हे सगळं डोयात तं नाई घुसणार ना? खरं सांगा. इच्या मायले मी काय सांगू?"

माणूस खरोखर पांढरा पडला होता. मी त्यांना हात देऊन उठवलं. जीवशास्त्र, दंतशास्त्र सगळं बाजूला ठेवलं आणि वावरात शिरले.

"सोयाबीनमध्ये तूर घेता ना?"

"घेतो ना."

"सोयाबीन निघालं की वावर रिकामं होतं?"

"रिकामं कायचं? तूर उभी राह्यते."

"मग हे दुधाचे दात म्हणजे सोयाबीन. खाली दिसतात ते पक्के, ती तूर. सोयाबीन निघेल तशी तूर वर येईल. सगळ्या लेकरांचं असंच असतं. अक्कलदाढा तर अजून यायच्याच आहेत." त्यांचा रंग थोडा परत आला. "आता सांगा, धुऱ्यावर काय लावता?"

धुरा म्हणजे वावराचा बांध.

"धुऱ्यावरबी तूरच. घरच्या वरनापुरती."

"त्या तुरीच्या आधी तिथं सोयाबीन होतं?"

"धुऱ्यावर कोन सोयाबीन पेर..."

वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या शेवटच्या दाढेकडे पाहिलं. मग पोरीकडे.

"म्हंजे हे... धुऱ्यावरची?"

"धुऱ्यावरची. हिच्याआधी तिथं काहीच नव्हतं, म्हणून काही पडलं नाही. आणि ही उपटली तर तिथं परत काही उगवणार नाही. कधीच."

गालाच्या आत गजाननभाऊंची जीभ फिरत होती. एखादा फुटाणा अडकला असेल, असं मला वाटलं.

"करा मंग," ते म्हणाले. "गाडी गेली तं गेली."

इंजेक्शन दिलं आणि कीड कोरायला घेतली. कीड आणि नस यांच्यात कागदाएवढं अंतर उरलं होतं. कागदाएवढं म्हणजे वहीचा नव्हे, पतंगाचा. तिथं माझा हात हलला असता तर सगळं मुसळ केरात. स्वरा हलली नाही. हलत होते ते गजाननभाऊ, तिचे पाय धरून. नसेवर औषधाचा थर दिला, वर फिलिंग केलं. तेवढ्यात चारची पुसद गाडी हॉर्न देत निघून गेली. लगेच त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरला, तरी पलीकडची बाई मला शब्दन् शब्द ऐकू येत होती. गजाननभाऊ एवढंच म्हणाले, "धुऱ्यावरची होती वो. आल्यावर सांगतो."

ती दाढ टिकली. परवाच तपासली, ठणठणीत आहे. तुमच्या घरी सहा वर्षांचं लेकरू असेल तर आज त्याचं तोंड उघडा, पार मागे पाहा आणि दाढा मोजा. काही पडलं नाही म्हणजे काही आलं नाही, असं नसतं. मी एवढंच शिकले की लेकराच्या तोंडात पाहण्याआधी बापाच्या तोंडात पाहावं. ते त्या दिवशी माझ्याकडून राहिलं होतं.

झालं असं. निघताना स्वरानं बधिर ओठानं विचारलं, "पप्पा, माहे चव्वेचाळीस. तुमचे किती?"

"बत्तीस!" म्हणून गजाननभाऊ गडगडाटी हसले आणि तिला दाखवायला त्यांनी जबडा उघडला. मी सहज पाहिलं. पाहिलं आणि हातातला आरसा खाली ठेवला. खाली डावीकडे एक खिंडार, उजवीकडे एक खिंडार. बरोबर सहा वर्षांच्या दाढांच्याच दोन जागा. मागच्या दाढा त्या खिंडारात कलंडलेल्या.

"गजाननभाऊ, ह्या दोन कुठं गेल्या?"

"त्या? मी दुसरीत होतो. दुखत होत्या तं बाबानं बाजारात काढून आनल्या. दुधाच्या होत्या. मी सोता कवलावर फेकल्या."

"बरं. मग?"

त्यांनी जीभ डावीकडे फिरवली, मग उजवीकडे.

"आल्या नाई अजून."