नेपाळच्या पोरीचा गणपती

नेपाळातून आमच्याकडे शिकायला कोण येईल, असं तुम्ही म्हणाल. पण आली होती बरं एक पोर. तिकडचं कलेचं कॉलेज आणि आपल्या इकडचं एक कॉलेज यांचा करार झाला होता. तिकडच्या मुलांनी सहामाहीभर इकडे कारखान्यात शिकायचं आणि ते तिकडच्या पदवीत धरायचं. आता पेणला कारखाना म्हटला की तो गणपतीचाच.

आमच्या माडीवरची खोली तिला दिली होती. मला ‘आमा’ म्हणायची, तिच्याकडे आईला म्हणतात तसं. वालाचा वास तिला पहिल्यांदा सोसेना, मग माझ्याच पुढ्यात बसून वाल सोलायला लागली. हिंदीत सुरुवात करायची आणि मराठीत अडकायची.

परीक्षेला तिला शाडूची मूर्ती हवी होती, साच्याविना, हाताने घडवलेली. ती तिकडे नेऊन मास्तरांच्या पुढ्यात ठेवायची, तरच सहामाही धरणार, नाहीतर सगळं फुकट. घरचे पहिल्यांदा कोणाला परदेशी धाडत होते. तिनं घडवला तो गणपती एक पाय खाली सोडून बसलेला, जसा काही कोणाच्या ओटीवर गप्पा मारायला आलाय. कारखानदार तोंडावर कोणाला चांगलं म्हणत नसे, आणि मूर्तीचे डोळे तर शिकाऊ पोरांना कधीच आखू देत नसे. तो म्हणाला, “डोळे मी आखणार नाय. तुझे तूच आख.” पोर दिवसभर हसत होती. सुताराकडून खोका आणला, त्यात पेंढा भरला.

चतुर्थीला रोह्याहून माझी मोठी जाऊ आली. मूर्ती बघून हरखलीच. “एवढा देखणा देव कोपऱ्यात काय ठेवलाय गो? आपल्या बाप्पाच्या बाजूला बसव.” पोरीला कोण आनंद. तिच्या घरातला गणेश कायमचा, रोज पूजा आणि जागचा हलायचा नाही. पूजा झाली म्हणजे परीक्षेला आशीर्वाद मिळाला, असं तिला वाटलं. भटजींनी दोन्ही मूर्तींची प्राणप्रतिष्ठा केली. कारखान्यात देव तयार होताना तिनं पाहिला होता, पाण्यात जाताना नाही. घरचा गणपती बुडवतात हे ऐकून होती, पण तो घरचा. आपला जाईल हे तिच्या मनातच आलं नाही. आणि आमच्यापैकी कोणाला वाटेल की हेसुद्धा सांगावं लागतं?

गौरींबरोबर गणपती निघाले. उत्तरपूजा झाली, ‘आता देव गेला,’ असं मी तिला सांगितलं. यांनी दोन पाट उचलायला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती दारात आडवी उभी राहिली.

“आमा, माझा राहू दे.”

जाऊ म्हणाली, पूजलेला ठेवता येत नाय. मी म्हटलं, एवढी एक वेळ राहू द्या, पोरीची परीक्षा हाय. यांनी मानेनंच नाय म्हटलं. घरात नातू नुकता बारशाचा झाला होता, देवाचं काही चुकवायची कोणाची छाती होईना. मी भटजींना निरोप धाडला, त्यांनी अंगावर घेतलं नाही.

मग पोर हळूच म्हणाली, “तुम्हीच सांगितलं ना, आता देव गेला. मग राहिली ती माती. माझी माती मला द्या.”

 जाऊ म्हणाली, “देव गेला तरी घर त्याचंच ना गो.”

शेवटी तिनंच तो उचलला. भोगावती नदीला पाणी भरून चाललं होतं. तिनं दुसऱ्याच्या हातात दिला नाही, स्वतः उतरली. शाडू लगेच सुटते. आधी तो खाली सोडलेला पाय गेला.

दुसरा करावा तर कारखाना बंद, कारागीर आपापल्या गावी, आणि भादव्यातल्या ओलीत शाडू वाळते कुठे? परीक्षा तोंडावर आलेली. इकडच्या सरांनी शिफारस लिहून दिली, फोटो दिले. रिकामा खोका इथंच टाकून ती परतीच्या गाडीत बसली. तिकडे म्हणाले, मूर्ती कुठे आहे? नापास केलं. परत परीक्षेला बसवायला घरचे तयार नव्हते, काकाच्या दुकानात उभं केलं तिला. पुढल्या वर्षी तिकडून कोणी आलं नाही. करार संपला म्हणे.

एकदा चतुर्थीच्या आधी तिचा फोन आला. विचारलं, बाप्पा आणला का? म्हटलं, आणला.

“डोळे कोणी आखले?”

मी म्हटलं, “कारखान्यात कोणीतरी, पोरी.”

“अच्छा,” म्हणाली. मागे दुकानात कोणी गिऱ्हाईक बोलत होतं, तिनं फोन ठेवला. नंतर तो नंबर लागला नाही. तिच्या खोक्यात जावेनं वालाचं बियाणं भरलंय.