आखाजीचा हिरवा रंग

धरणगावला आमच्या घराच्या दाराशेजारी भिंतीत एक भोक आहे. त्यातून मेणाची, करंगळीएवढी नळी बाहेर डोकावते. आत मुंगीएवढ्या काळ्या माश्या राहतात. त्यांना डंख नसतो. फार तर केसांत शिरून कुरतडतात. मी बी.एस्सी. झालो तेव्हा या मधमाश्याच आहेत असं घरात सांगितलं आणि आईने ते सगळ्या गल्लीला सांगितलं. घरात पदवी पहिल्यांदाच आली होती. तिचा काहीतरी उपयोग दिसला, याचं तिला समाधान होतं.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो उपयोग पटला नाही. लग्नानंतर बहीण पहिल्यांदाच आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येणार होती, सोबत जावई. जावयांचे केस दाट. नानांनी ठरवलं, आधी दार रंगवायचं आणि दुसऱ्या दिवशी भोक सिमेंटने बुजवायचं. मी खूप विनवलं. पिकांना या माश्यांचा फायदा होतो, हेही सांगून पाहिलं. पण ज्यांच्या कष्टांवर शिकलो त्यांनाच शिकवायला जीभ रेटत नव्हती.

"हाई घर मनं शे का त्यासनं?" नाना म्हणाले. घर नानांचं होतं, माश्यांचं नव्हतं. विषय संपला.

दाराला हिरवा ऑइल पेंट लागला. तो ओला असतानाच माश्या दारावर उतरल्या. घर बांधायला त्यांना झाडाचा चीक लागतो. हा तसाच चिकट. खरवडून, मागच्या पायांवर हिरवे गोळे घेऊन त्या भोकात शिरू लागल्या. नाना फडक्याने हाकलत, त्या पुन्हा येत. शेवटी वैतागून त्यांनी रंगाचा दुसरा हात दिला. माश्यांना तोही आवडला.

सकाळी नाना सिमेंट कालवून, थापी घेऊन भोकाशी गेले आणि तिथेच थबकले. नळीच्या तोंडाला हिरवी कड आली होती, थेट दाराच्या रंगाची. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नळीकडे. मी तोंड उघडलं नाही. एवढी अक्कल मला कॉलेजात आली होती. मग नानांनी आईला बघायला बोलावलं आणि कालवलेलं सिमेंट न्हाणीतल्या हलत्या फरशीला लावून टाकलं.

बहीण आणि जावई दुपारी आले. पाय धुण्याआधीच नानांनी आपली टोपी काढून जावयांच्या डोक्यावर घातली आणि त्यांना भोकासमोर उभं केलं.

"देखा," नाना म्हणाले, "दारले मॅचिंग करेल शे त्यासनी."