बाजूच्या सीटवरचा कोट

यजमान गेल्यावर त्यांची गाडी मीच चालवू लागले. धरमपेठेतून कोराडीच्या शाळेत शिकवायला जायचे. त्या रस्त्याला सगळे कोळशाचे ट्रक. गाडीत बाई एकटी दिसली की हॉर्न वाजवत मागे लागायचे, बरोबरीला येऊन आत डोकवायचे. सासूबाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, "अशी एकटी नको जाऊ वं. त्याचा कोट ठेव बाजूले."

मग मी शेजारच्या सीटवर उशी उभी केली, तिला यजमानांचा कोट घातला आणि वर त्यांची हॅट तिरपी टेकवली. त्या दिवसापासून ट्रकवाले सुतासारखे सरळ आले. माझं मात्र डोकं फिरायचं. जित्याजागत्या बाईला नाही तो मान या रिकाम्या कोटाला!

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी रेल्वेचं फाटक बंद होतं. शेजारच्या ट्रकमधून ड्रायव्हरनं वाकून पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "बाई, साहेब झोपले का जी?"

"हो," मी म्हणाले. "दमलेत फार."

त्यानं घरघरणारं इंजिन बंद केलं.

फाटक उघडलं. घर येईपर्यंत मी एकेक खड्डा चुकवत गेले. हॉर्न एकदाही वाजवला नाही.