कागदावरची अक्कल

व्हर्ना झास्ट्रोचा उभा जन्म शेरीफच्या कचेरीत फोन घेण्यात गेला. बर्फात गाडी चरात घातलेला माणूस रडत फोन करायचा आणि ही विचारायची, "रडून झालं? मग सांग, डावीकडे कोठार दिसतंय की चर्च?" माणसं वाचायची. पुढे दुकानात समोर आली तर तिला बघून दुसऱ्या रांगेत उभी राहायची.

शनिवारी दुपारी आम्ही तिच्या तळघरात खेळायला जमत असू. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद, चपळाई, अक्कल तीन ते अठरा अशा आकड्यांत कागदावर मांडायची, आणि व्हर्ना जी गोष्ट रचेल तिच्यात त्याला जगवायचं. तलवार लागली की नाही, हे फासा ठरवी. कोडं सुटलं का, राजा पटला का, हे मात्र तिच्याकडे कधीच फाशावर नसे. तिथे आपलं डोकं चालवायचं आणि आपल्याच तोंडाने बोलायचं.

"अठरा अक्कल लिहायला पेन्सिल पुरते," ती म्हणायची. "दार उघडायला डोकं लागतं."

डेल्बर्ट ओल्सन पशुखाद्याच्या दुकानात होता. सरळ माणूस, पण डोक्याची गाडी सावकाश चालायची. त्याने हौसेने एक महापंडित जादूगार घेतला आणि कितीतरी हिवाळे जपला. एका शनिवारी व्हर्नाच्या राक्षसाने त्या पंडिताला विचारलं, "जेवढं काढून घ्यावं तेवढं वाढतं, ते काय?" डेल्बर्टचे कान लाल झाले.

"मला येत नाही गं," तो म्हणाला. "पण त्याला येत असेल ना? तो हुशार आहे. त्याच्यासाठी फासा टाकू?"

"तुझ्या अकलेला मी कुबड्या देणार नाही. वेळ संपली. राक्षसाने खाल्लं. खड्डा, डेल. उत्तर खड्डा होतं."

आम्ही हसलो. डेल्बर्टही हसला आणि चीजच्या तुकड्यांची वाटी पुढे ओढून खात बसला. पुढच्या शनिवारी तो एक मठ्ठ पहिलवान घेऊन आला. पुन्हा पंडिताच्या वाटेला गेला नाही. मला तो प्रकार तेव्हाही आवडला नव्हता. पण व्हर्नापुढे बोलणार कोण?

मग व्हर्नाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. पाव हवा असला की ती "घड्याळ" म्हणे, आपण चुकीचं बोललो हे तिचं तिला कळे, आणि मग ती ताटली भिरकावून देई. खेळ आता डेल्बर्ट चालवू लागला, तिच्याच तळघरात, कारण तिला बाहेर नेणं अवघड होतं. तिने मात्र नुसतं बघत बसायला साफ नकार दिला. कागद ओढला आणि डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं: जादूगार. अक्कल अठरा.

"तिला कोडी घालूच नकोस," आर्डिस डेल्बर्टला जिन्यात म्हणाली. आर्डिस आमच्यातली सर्वांत कनवाळू. "नुसत्या लढाया ठेव."

"ते तिला कळणार नाही होय?"

"आणि सगळ्यांसमोर अडकली तर? पुन्हा टेबलावर यायची नाही ती."

"आपण कीव करतोय हे कळलं तरी यायची नाही," डेल्बर्ट म्हणाला.

त्याने कोडं घातलंच. दगडी दाराशी पहारेकरी, आणि उत्तर जादूगारानेच द्यायचं. "पाय नाहीत पण धावते, तोंड आहे पण खात नाही. कोण?"

नदी, हे आम्हा सगळ्यांना लगेच कळलं. व्हर्नाने तोंड उघडलं. "दूध," ती म्हणाली. "नाही. दूध. नाही!" डावी मूठ टेबलावर आपटली. आर्डिसने मान खाली घातली.

डेल्बर्टने वीस बाजूंचा फासा तिच्यापुढे ठेवला. "तुझ्या जादूगाराला येतंय का बघू. अठरा किंवा त्याखाली पडला, तर त्याला आलं."

तिने फासा डाव्या मुठीत घेतला. मला वाटलं, आता हा भिंतीवर जाणार. तिने टाकला. एकोणीस.

"टेबल हललं," आर्डिस घाईने म्हणाली. "परत टाक गं, व्हर्ना."

व्हर्नाने फाशावर पंजा दाबून ठेवला आणि डेल्बर्टकडे पाहिलं.

"दार खाली आलं," तो म्हणाला. "जादूगार दाराखाली मेला."

व्हर्ना हसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं तरी ते हसूच होतं. इस्पितळातून आल्यापासूनचं पहिलं. तिने फाशावर बोट ठेवलं. "हा," ती म्हणाली, "हा चुकला." मग तेच बोट कपाळाला लावलं. "ही नाही."

तिने फासा उचलून डेल्बर्टच्या हातात दिला आणि त्याची मूठ मिटली. शब्द जमवायला तिला फार वेळ लागला, आणि आमच्यापैकी कुणी मध्ये एकही पुरवला नाही.

"डेल. तेव्हा. तुला. फासा."

"हो," डेल्बर्ट म्हणाला. "द्यायला हवा होतास."